येळवशीचा रोल

युवराज, शेकोटीत दोन काड्या सार. आणि प्रतीक्षा, तो रोल आधी डबीत ठेव, मग बस. तुला जुन्या रोलची हौस हाय, चांगलं हाय. पुण्यातली पोरं म्हणे मुदत संपलेले रोल मुद्दाम शोधत फिरतात. आपल्या वैजनाथ गुरुजीलाबी तसलंच याड होतं. त्याचीच गोष्ट सांगतो. निम्मी त्यानं मला सांगितली, निम्मी मी ह्या डोळ्यांनी बघितली. मधी बोलू नका.

वैजनाथ मूळचा जळकोटचाच. नळदुर्गाला शाळेत चित्रकलेचा मास्तर. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी ह्याच्या गळ्यात ती दोन भिंगांची उभी पेटी. वरून वाकून काचेत बघायचं, डावं उजवीकडं दिसतं, उजवं डावीकडं. एका रोलवर बारा फोटो. घरातली न्हाणी त्यानं डार्करूम करून टाकली होती. झरोक्याला काळा कागद, वर लाल बल्ब. त्याची बायको दीपमाला म्हणायची, "आमच्यात अंघोळीला नंबर लागत न्हाई, फोटूला लागतो."

पण काळ्यापांढऱ्या फोटोचे रोल मिळायचे बंद झाले. ऊटीला कारखाना होता, तो बंद पडला. मग हा जुन्या स्टुडिओवाल्यांच्या मागं. कुणाच्या माळ्यावर दोन, कुणाच्या कपाटात एक.

तर दोन हजार एकोणीस साल. जानेवारीची दोन तारीख, बुधवार. शाळा सुटल्यावर वैजनाथ किल्ल्याच्या अंगाच्या गल्लीत बानूबाईकडं गेला. बानूबाई म्हणजे चन्नबसप्पा फोटोवाल्याची बायको. चन्नबसप्पा नुकत्याच सरलेल्या दिवाळीत वारला होता. एके काळी ह्या भागात त्याचाच एक स्टुडिओ. लग्नं त्याची, शाळेचे फोटो त्याचे, आणि कुठं मढं सापडलं की पंचनाम्याचे फोटो काढायलाबी पोलीस त्यालाच बोलवायचे.

बानूबाईनं खोकं पुढं सरकवलं. "आठ हायती गुरुजी. त्र्याण्णवालाच मुदत सरलीया."

"चालतंय मावशी. जुन्या रोलवर जरा धुकं धरतं, पण फोटो येतो."

"कुणाचं काढनार?"

"शनवारी येळवस न्हाई का? कृष्णराज मालकांच्या शेतात बोलावलंय. मालक म्हणले, मोबाइलातला नको. जुन्या पद्धतीचा मोठा काढ, भिंतीवर लावायला."

बानूबाई उठली.   आत गेली. देवघरातून लाल फडक्यात बांधलेला एक रोल घेऊन आली.

"मालकाचं फोटू ह्येच्यावर काढा."

"ह्यात काय येगळं हाय?"

"ह्येंनी जपून ठिवल्याला. अठ्ठावीस वर्सं देवाम्होरं हाय." आणि त्याचं मनगट धरून म्हणाली, "बारा बी मालकाचंच काढायचं. दुसऱ्या कुनाचं न्हाई."

वैजनाथनं रोल निरखला. कंपनीची पट्टी नव्हती. साधा पांढरा कागद खळीनं चिकटवून रोल बंद केला होता. त्याला वाटलं, जुनी माणसं, पट्टी सुटली असंल, चिकटवली असंल. रोल खिशात घातला आणि निघाला.

शनवारी, पाच जानेवारीला, येळवस, ती वेळ अमावस्या. गावात चिटपाखरू न्हाई, सगळी घरं कुलपं लावून शेतात. मालकांच्या शेतात शंभर-दीडशे पान. कडब्याची कोपी केलेली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. भज्जी, उंडे, आंबिलीचे माठ. मीबी होतो तिथं. मालक वय बहात्तर, पण काठी न्हाई, चष्मा न्हाई. येईल त्याला हाताला धरून बसवायचे. गावात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता.

चार वाजता वैजनाथनं खुर्ची मागितली. विहिरीच्या कठड्यापाशी ऊन तिरपं पडलं होतं. तो म्हणाला, "मालक, हितं बसा. उजेड लई झकास हाय."

मालक म्हणाले, "तिकडं नको. कोपीपाशी काढ."

"कोपीत अंधार पडतोय मालक."

"नको म्हणलं ना."

तेवढ्यात त्यांची नात राजनंदिनी, कॉलेजात होती तवा, खुर्ची उचलून विहिरीपाशी घेऊन गेली. "दादा, पाच मिनिटाचं काम हाय. बसा की." नातीपुढं काय चालतंय? बसले. विहिरीकडं पाठ करून बसले.

बारा फोटो काढायला पाऊण तास लागला. मी वैजनाथच्या शेजारी उभा होतो. दर दोन-तीन फोटोला मालक मानंमागं हात न्यायचे. सदऱ्याची कॉलर चाचपायचे. एकदा म्हणाले, "कोण रं पाठीमागं? बाजूला व्हा." पाठीमागं कुणी नव्हतं. आम्ही हसलो. मालक हसले न्हाईत.

आता रात्रीचं ऐका.

दीपमाला पोरांना घेऊन माहेरी गेली होती, तिच्या वडलांच्या शेतात येळवस. घरात वैजनाथ एकटा. अमावस्या. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, त्यानं घड्याळ बघितलं आणि बल्ब बंद केला. फिल्म डब्यात भरताना लाल उजेडसुदीक चालत न्हाई. मिट्ट काळोख लागतो. सगळं बोटांनी करायचं.

कागद सोडवला. फिल्म बोटांना लागली. ओली.

तो म्हणाला, मी हात पँटीला पुसले, मला वाटलं घाम हाय. परत हात लावला. ओली. आणि गार. त्यानं बोटं हुंगली. शेवाळाचा वास.

तसाच चाचपडत फिल्म चक्रीवर चढवली, डब्याचं झाकण लावलं, बल्ब लावला. हात कोरडे. तो स्वतःशीच हसला म्हणे. औषध ओतलं, डबा हालवत बसला, मग हायपो, मग पाणी. बारा वाजायला आले तवा त्यानं फिल्म बाहेर काढून उजेडाला धरली.

निगेटिव म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. तरी जाणत्याला कळतंय. बाराच्या बारा चौकटी आल्या होत्या. मालक खुर्चीत, कठडा, झाड. पण प्रत्येकीत अजून काहीतरी होतं. खुर्चीच्या पायाशी. आडवं.

वैजनाथ चरफडला. त्याला उमगलं की हा रोल कोरा नव्हताच. प्रतीक्षा, तुला ठाऊक असंल. वापरलेला रोल अंधारात उलटा गुंडाळून ठेवला तर नव्यासारखा दिसतो. त्याच्यावर परत फोटो काढले की जुना आणि नवा, दोन्ही एकाच चौकटीत येतात. चन्नबसप्पानं कवाचे तरी बारा फोटो काढले होते, धुतले नव्हते, आणि ह्यानं त्याच्यावर मालकांचे बारा चढवले.

कुणाचे होते ते? बघावं म्हणून त्यानं दीपमालाच्या केस वाळवायच्या मशीननं फिल्म सुकवली. पट्ट्या कापल्या. कागदावर मांडल्या, वरून काच, आठ सेकंद उजेड दिला. कागद औषधाच्या ट्रेमधी सोडला. वर लाल बल्ब. साडेबारा.

कागद औषधात पडला की सगळ्या चौकटी एकदमच उमटायला लागतात. तसं झालं न्हाई. पहिली उमटली. बाकीच्या अकरा कोऱ्या.

पहिली चौकट. मालक खुर्चीत. त्यांच्या पायाशी, विहिरीच्या फरशीवर एक बाई पडलेली. लुगडं अंगाला चिकटलेलं, केस ओले, डोळे उघडे. गळ्यावर बोटांचे वण. दोन्ही बाजूंनी.

वैजनाथनं ओळखलं. धुरपदाबाई.

तुम्ही तवा जन्मलाबी नव्हता. धुरपदाबाई मालकांची धाकटी भावजय. नवऱ्याला पान लागलं, साप चावला, ऐन तिशीत रंडकी झाली. मूलबाळ न्हाई. पण बाई वाघीण. "माझ्या वाट्याचं शेत माझ्या नावावर करून द्या," म्हणून चारचौघांत मालकांना विचारलं तिनं. सोमवारी तहसीलला जाणार होती. नव्वद सालच्या येळवशीच्या रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीत सापडली. सगळ्यांनी म्हणलं, पाय घसरला. वैजनाथ तवा दहा वर्षांचा, तिच्या शेजारचाच. त्याचं बोट धरून अंगणात पहिली रांगोळी तिनंच काढून घेतली होती. तो चित्रकलेचा मास्तर झाला ते तिथून.

अठ्ठावीस वर्षं त्याला वाटत होतं, पाय घसरला.

दुसरी चौकट उमटली. तशीच पडलेली. तिसरी. तशीच.

चौथीत तिचा एक हात फरशीवर टेकलेला होता.

मेलेलं माणूस हालत न्हाई, प्रतीक्षा.

पाचवीत कोपर टेकलं होतं. सहावीत मान वर. सातवीत ती बसली होती.

वैजनाथनं मोबाइल काढला. उजेड कागदावर पडू नये म्हणून पाठ वळवली. बानूबाईला लावला. पाऊण वाजला होता, म्हातारं माणूस. पहिल्याच घंटीला उचलला.

"आली का?"

"मावशी… हे काय दिलंत मला?"

"आली का न्हाई, त्येवढं सांगा."

"आली."

 बानूबाई म्हणाली, "त्या दिशी ह्येंनी बारा फोटू काढलं हुतं. गळ्यावरचं समदं दिसत हुतं. रातच्याला मालक घरी आला. ह्या दारात हुबा ऱ्हायला. म्हनला, चन्नबसप्पा, रोल जाळ. न्हाईतर त्या हिरीला अजून एकाचं वावडं न्हाई. ह्येंनी पोलिसांना सांगितलं, रोलात उजेड शिरला, फोटू आलं न्हाईती. पर जाळवंना त्येंच्यानं. उलटा गुंडाळून ठिवला. म्या सांगून सांगून थकले, धुवा त्यो रोल, धुवा. न्हाई धुतला. मरताना बी म्हनत हुतं, ती बघतीया."

"पण मग पंचनामा? पंचांनी वण बघितले न्हाईत?"

"बघितलं की. दोन पंच हुतं. एक मेला. दुसरा त्यो… शांतलिंग कंडक्टर."

…

व्हय. मी.

माझीच सही हाय त्याच्यावर. लिहितावाचता येत होतं म्हणून मला पुढं केलं. फौजदार वहीत लिहित होता, त्याची नजर खाली होती. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी तिचा पदर गळ्यापर्यंत वर ओढला. मग सही केली. माझी पोरं लहान होती, असं मी मनाला सांगत आलो. सगळ्यांचीच पोरं लहान असतात.

बघू नका असं माझ्याकडं. ऐका.

तवर आठवी उमटली होती. गुडघ्यावर. नववीत उभी. दहावीत तिची पाठ आपल्याकडं, तोंड मालकांकडं. अकरावीत ती खुर्चीच्या मागं होती. हात वर. मालकांच्या मानेपासून एवढ्या अंतरावर.

बारावी कोरी.

कागद औषधात दोन मिनिटांत पुरा होतो. वीस मिनिटं झाली होती. बारावी कोरीच.

वैजनाथनं चिमट्यात कागद धरला. शेजारच्या ट्रेमधी हायपो होता. हायपोत टाकला की जे उमटलं तेवढंच राहतं, पुढं काही येत न्हाई. बारावी कायमची कोरी राहिली असती. त्याला ते कळत होतं. बानूबाईलाबी. चन्नबसप्पाच्या संसारात तिनं आयुष्यभर हेच धुतलं होतं.

"मावशी, मी कागद काढू का?"

"तुमचा हात हाय, गुरुजी."

"मालक तिकडं झोपले असतील…"

"ती बी झोपली हुती त्या रातीला."

वैजनाथ म्हणाला, आप्पा, मी उचलला होता कागद. निम्मा बाहेर आला होता. औषध निथळत होतं. आणि मला ती रांगोळी आठवली. तिचा हात माझ्या हातावर. त्या अंगणात नंतर मालकांनी ट्रॅक्टर लावला.

त्यानं कागद सोडून दिला. चिमटा ट्रेच्या काठावर ठेवला. हात मागं बांधले. उभा राहिला.

एक वाजून पाच मिनिटं.

बारावी उमटायला लागली…

दीड वाजता माझ्या दारावर थाप. राजनंदिनी. अनवाणी. "आप्पा, चला, दादा दार उघडंनात." धावत गेलो. मालकांच्या खोलीला आतून कडी. आतून एकदाच खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला होता म्हणे, मग काही न्हाई. आम्ही चौघांनी दार मोडलं.

पलंगावर कुणी न्हाई.

खाली फरशीवर. उताणे. डोळे उघडे.

खिडकी बंद. फरशी कोरडी ठणठणीत. मालकांचे केस ओले. निथळत होते.

डॉक्टर नळदुर्गाहून आला. दारातूनच जीव गेल्याचं कळत होतं, तो वाकलासुदीक न्हाई. म्हणाला, हार्ट अटॅक, वय झालं होतं. बाया रडायला लागल्या. मी मालकांचं डोकं सरळ करायला वाकलो. कॉलर बाजूला झाली.

दोन्ही बाजूंनी. चार चार बोटं. बारीक बोटं. बाईमाणसाची.

माझ्याशिवाय कुणी वाकलं नव्हतं. मी त्यांच्या अंगावरचं उपरणं गळ्यापर्यंत वर ओढलं. का ओढलं, ते अजून मला सांगता येत न्हाई.

रविवारी अकराला माती होती. वैजनाथ आला. डोळे लाल. गर्दीतून मला बाजूला घेतलं, गोठ्याच्या मागं. सगळं सांगितलं. मग शर्टाच्या आतून तो कागद काढला.

अकरा चौकटी त्यानं सांगितल्या तशाच. बारावीत खुर्ची रिकामी होती. धुरपदाबाई कुठंच न्हाई. खुर्चीच्या पायाशी मालक पडलेले, ओले. पहिल्या चौकटीत ती पडली होती तसे. तोच हात वाकडा, तीच मान कलती. आणि हा फोटो तर शनवारी चार वाजता काढलेला. तवा ते माझ्यासमोर खुर्चीत बसून कॉलर चाचपत होते.

वैजनाथ म्हणाला, "आप्पा, सही तुमची होती?"

"व्हय."

"वण दिसले होते?"

मी बैलाचं दावं सारखं केलं.

तो माझ्या हाताकडं बघत होता. मग हळू विचारलं, "आणि काल रातीला? मालकांच्या गळ्यावर दिसले?"

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि न बोलता गेला. नंतर तो बानूबाईला दिला असं ऐकलं. तिनं काय केलं, तिलाच ठाऊक. वैजनाथ अजून शाळेत हाय. पेटी त्यानं परत गळ्यात घातली न्हाई. मला रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. थांबत न्हाई.

आता एवढंच राहिलं.

माती झाल्यावर त्या रात्री घरच्यांच्या सोबतीला कुणीतरी झोपायला लागतं. मालकांच्या पोरानं मला थांबवून घेतलं. जिथं देह ठेवला होता तिथं दिवा लावला. दिव्याभोवती ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, वर विणलेलं डालगं पालथं घातलं. ही रीत तुम्हाला ठाऊक हाय. सकाळी डालगं उचलून बघायचं, पिठावर कशाचा ठसा उमटला. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यावरनं सांगतात. पाखराचा उमटतो, गायीच्या खुराचा उमटतो. जास्ती करून काहीच उमटत न्हाई.

घरची माणसं आतल्या खोल्यांत झोपली. त्या सोप्यात मी एकटा. डालग्यापासून दोन हातांवर, भिंतीला लागून माझं अंथरूण. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. काही वाजलं न्हाई. काही हाललं न्हाई. दिवासुदीक फडफडला न्हाई. तीनच्या सुमाराला एकदा गार वाटलं, एवढंच.

फजरंला, उजाडता उजाडता, मालकांची थोरली सून आली. हात जोडले. डालगं उचललं.

पिठात पाऊल होतं.

एकच. माणसाचं. लहान, निमुळतं. बाईचं. पीठ तेवढ्यापुरतं ओलं होऊन बसलं होतं.

सून म्हणाली, "घरातनं बाहेर गेलं असंल." पण दार उगवतीला होतं. पावलाची टाच दाराकडं होती.

बोटं माझ्या अंथरुणाकडं.